मदत हवी आहे: नर्सच्या स्क्रबसाठी कापड कोणतं घ्यावं? (इंदूर)

नमस्कार मंडळी,

मी इंदुरात एका खासगी हॉस्पिटलच्या मेडिकल वॉर्डात स्टाफ नर्स आहे. आजवर पांढरा सलवार-कुर्ता होता, आता नेव्ही ब्ल्यू स्क्रब (सैल टॉप आणि पॅंटचा गणवेश) येणार. रंग त्यांनी ठरवला, कापड आणि शिलाई आमच्या माथी. (पैशांचं रडगाणं इथे गात नाही.)

एमटी क्लॉथ मार्केटात दुकानदाराने दोन तागे उलगडले. एक टेरिकॉट, ६७ टक्के पॉलिएस्टर आणि ३३ टक्के सुती; मुठीत चुरगाळून सोडलं तरी सुरकुती नाही. दुसरं शंभर टक्के सुती. अंगाला छान, पण इस्त्रीशिवाय घालवत नाही आणि पावसाळ्यात रात्रीतून वाळणं कठीण. वॉर्डात एसी नाही, मे महिन्यात इथला पारा चाळिशी ओलांडतो, म्हणून टेरिकॉटमध्ये घामोळ्याची धास्ती. सासूबाई म्हणतात "सुतीच घे". इस्त्री मात्र त्या करणार नाहीत!

पांढरा गेल्याचं दुःख नाही. पण त्याला ब्लीच तरी चालायचं. नेव्हीवर हायपोक्लोराइटचा (वॉर्डातल्या जंतुनाशक ब्लीचचा) थेंब पडला की तांबूस ठिपका कायमचा. रक्त गार पाण्याने निघतं. बेटाडिनच्या (जखमेवर लावायच्या आयोडीनच्या औषधाच्या) डागाचं काय करता?

शिंपी छातीवर खिसा लावायला बघतो. पेशंटवर वाकलं की पेन आणि कात्री त्याच्याच अंगावर! शिवाय आमच्यातल्या दोघींना पूर्ण बाह्या हव्यात. चालेल का?

प्रतिसाद:
अगं, वॉर्डासाठी टेरिकॉटच घे, पण सुतीचं प्रमाण जास्त असलेलं माग, मिळतं. आतून पातळ सुती बनियन घाल, घाम ते शोषतं. शुद्ध सुती घेतलंस तर शिवायच्या आधी रात्रभर भिजत घाल, नाहीतर पहिल्याच धुण्यात पॅंट घोट्याच्या वर. बेटाडिनवर व्हिटॅमिन सीची गोळी कुटून पाण्यात कालवून लाव, आयोडीनचा रंग उतरतो. पूर्ण बाह्या मात्र नकोच, हात धुताना मनगट कसं धुणार? इंग्लंडच्या आरोग्य खात्याने २००७ मध्येच सांगितलंय, कोपराखाली बाही नको, मनगटावर घड्याळही नको. धुणं तिथे ६० अंशांच्या पाण्यात दहा मिनिटं सांगतात. घरच्या कपड्यांत मिसळू नकोस.

धागाकर्ती:
आभार ताई. बाह्यांचं त्या दोघींना तुमच्या नावाने सांगते. खिसे टॉपला खाली, दोन्ही बाजूंना घेतले तर बेडच्या कठड्यात अडकतात का? आणि रामबागेच्या आसपास स्क्रब शिवणारा शिंपी कुणाला माहीत असेल तर सांगा. आमचा गल्लीतला ब्लाउजच्या पलीकडे जात नाही.