लाम्बिक बिअर आंबते, की आंबवली जाते?

प्रश्न : ब्रसेल्समध्ये एका मित्राबरोबर दिवसभर निरनिराळ्या बेल्जियन बिअर चाखल्या आणि त्याचे टिपण मराठीत लिहिताना क्रियापदापाशीच अडलो. वेस्टमालच्या मठात तयार होणाऱ्या ट्रिपेल या कडक बिअरमध्ये (मद्यार्क ९.५ टक्के) जोपासलेले यीस्ट घालतात. १९०० साली सुरू झालेल्या कांतियों ब्रुअरीत मात्र माल्ट केलेले (मोड आणून वाळवलेले) सातू आणि कच्चे गहू यांचा हॉप (बिअरला कडवटपणा देणारी फुले) घालून उकळलेला काढा छताखालच्या उथळ, परातीसारख्या तांब्याच्या भांड्यात रात्रभर उघडा निवत ठेवतात. हवेतले यीस्ट आणि जिवाणू त्यात आपोआप उतरतात; उन्हाळ्यात नको ते जिवाणूही फार उतरतील, म्हणून हे काम थंडीच्या महिन्यांतच चालते. पुढे तो काढा लाकडी पिंपांत एक ते तीन वर्षे मुरतो आणि त्याची लाम्बिक बिअर होते. या दोन्ही प्रक्रियांना ‘आंबवणे’ हे एकच क्रियापद पुरेल काय?

प्रतिसाद १ : पुरणार नाही, असे मला वाटते. ‘आंबणे’ हे अकर्मक आहे आणि ‘आंबवणे’ हे त्याचे प्रयोजक रूप आहे. ज्या बिअरमध्ये माणूस यीस्ट घालतो ती ‘आंबवली’ जाते आणि लाम्बिक ‘आंबते’, असा भेद केल्यास व्याकरणच अर्धे काम करील.

प्रतिसाद २ : हा भेद दिसायला नेटका असला, तरी स्वयंपाकघरात टिकत नाही. इडलीच्या पिठात आपण बाहेरून काहीही घालत नाही, तरीही पीठ ‘आंबवतो’ असेच म्हणतो. प्रयोजक रूपातून कर्त्याचा हेतू कळतो; यीस्ट कोठून आले, हे कळत नाही. शिवाय ‘आंबलेले वरण’ म्हणजे टाकून देण्याजोगे वरण. ‘आंबलेली बिअर’ असे लिहिल्यास ती बिघडली असाच समज होईल. ‘आंबवलेली’ म्हटल्याने तो होत नाही. लाम्बिकसाठी घरातलाच ‘आंबायला ठेवणे’ हा प्रयोग अचूक बसतो, कारण त्यात माणसाने सोय करून देणे आणि पुढचे काम आपोआप होणे, या दोन्ही गोष्टी येतात.

प्रतिसाद ३ : सहमत. यीस्ट घालण्याच्या क्रियेला ‘विरजण लावणे’ म्हणता येईल. शब्द दुधाचा असला, तरी आधीच्या घाण्यातले थोडे राखून पुढच्याला लावण्याची रीत दोन्हीकडे आहे. आपल्याकडची माडी मात्र लाम्बिकच्या जवळची आहे, कारण नीरा झाडावरून उतरवली की विरजणाशिवायच आंबू लागते. गोव्यात तर हीच माडी (तिकडे तिला ‘सूर’ म्हणतात) तांदळाच्या पिठात घालून इडलीसारख्या सान्ना फुगवतात, म्हणजे आपोआप आंबलेले पेय दुसऱ्या पदार्थाचे विरजण होते. जाता जाता, ब्रुअरीला ‘भट्टी’ म्हणू नये. भट्टीत दारू गाळतात, बिअर गाळत नाहीत.

प्रश्नकर्ता : मग टिपणात ‘आंबायला ठेवणे’ हेच वापरतो. आणखी एक अडचण चवीची आहे. कोवळी आणि जुनी लाम्बिक मिसळून जी ग्यूझ करतात, तिला नुसते ‘आंबट’ म्हणणे अपुरे वाटते, आणि तिच्या वासासाठी मित्राने सुचवलेला ‘कुबट’ हा शब्द लिहिताना हात आखडतो.

प्रतिसाद २ : ‘आंबूस’ मुळीच नको; त्यात पुन्हा शिळेपणा येतो. ‘आंबट-तुरट’ लिहावे, कारण लाकडी पिंपाचा तुरटपणा तोंडात खरोखरच जाणवतो. आंबट चेरी घालून केलेल्या क्रीकलाही तेच विशेषण चालेल. ‘कुबट’ मात्र खुशाल लिहावे. ब्रेटॅनोमायसिस नावाच्या यीस्टमुळे ग्यूझला, आणि काही महिने ठेवलेल्या ऑर्व्हाल या बेल्जियन बिअरलाही, बंद कोठीसारखा वास येतो आणि रसिकांना तो हवा असतो. ‘किंचित कुबट, पण हवाहवासा’ असे लिहिले की दूषण उरत नाही. ‘खवट’ मात्र टाळावे, कारण तो जुन्या तेलातुपाचा वास आहे.