पिकाडो ११० च्या पुढे सरकत नाही, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, मी सांगलीचा. दिवसभर मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात असतो, रात्री जेवणं झाली की गच्चीवर गिटार. दोन वर्षं फ्लामेंको (स्पेनची गिटारशैली) शिकतोय, तेही व्हिडिओ बघूनच.

अडचण पिकाडोची आहे, म्हणजे एकेक स्वर जलद छेडायच्या तंत्राची. तर्जनी-मध्यमा आलटून पालटून, प्रत्येक आघातानंतर बोट शेजारच्या जाड तारेवर टेकवायचं, एवढं जमतं. मेट्रोनोम (ठोके देणारं यंत्र) मिनिटाला ९० ठोक्यांवर, एका ठोक्यात चार स्वर, स्वच्छ येतात. ११० ला मात्र सगळं विस्कटतं. एकाच तारेवर असेन तोवर ठीक, तार बदलली की तर्जनीच दोनदा पडते. करंगळी काडीसारखी ताठ होते, आणि मनगट दुखायच्या आधी खांदाच भरून येतो. फ्लामेंकोचा दिग्गज पाको दे लुसियाचा हात बघा, हललाय असं वाटतसुद्धा नाही!

बुलेरिया या फ्लामेंकोतल्या तालाच्या बारा मात्रांचं एवढं अवघड नाही गेलं. आपला बारा मात्रांचा एकताल कानात होता, फक्त जोर १२, ३, ६, ८, १० वर द्यायची सवय लावावी लागली.

आता विचारायचं ते असं: रोज तासभरच मिळतो, तर वेग दोन-दोनने वाढवू, की तीन-चार स्वरांचे छोटे तुकडे एकदम जलद वाजवून बघू? आणि नखांचं काय करता? पोती ओढताना मधल्या बोटाचं नख दर पंधरवड्याला तुटतं, मग सराव बोंबलतो.

मिरजेत सतारवाले गल्लीभर आहेत, पण नायलॉन तारांच्या गिटारवर तारांची पट्टीपासूनची उंची कमी करून देणारं कुणी माहीत असेल तर तेही सांगा.