जुन्या व्होल्वो २४० वॅगनमध्ये लेक्ससचं व्ही८ टाकायचं म्हणतोय, कॅलिफोर्नियात स्मॉग (धुराची सरकारी चाचणी) पास होईल का?

डबा_२४० (सॅन होजे)

नमस्कार मंडळी. माझ्याकडे १९८९ची व्होल्वो २४० वॅगन आहे, तीच ती चौकोनी खोक्यासारखी. आयुष्यभर कॅलिफोर्नियातच असल्यामुळे गंज अजिबात नाही, बॉडी एकदम ठणठणीत, पण इंजिनानं आता हात टेकलेत. तेल पितं, सकाळी स्टार्ट केलं की निळा धूर, आणि मुळात २.३ लिटरमध्ये ११४ हॉर्सपॉवर, त्यात गणपतीच्या सीझनला मागे पथकाचे ढोल भरले आणि चार माणसं कोंबली की हायवे १७चा घाट चढताना मागच्या गाड्यांकडे आरशात बघवत नाही.

तर आता एक १९९२ची लेक्सस एलएस४०० बघून ठेवलीय. मागून जबरदस्त ठोकलेली, इन्शुरन्सवाल्यांनी टोटल केलेली, सॅल्व्हेज टायटल (म्हणजे कागदोपत्री भंगार), पण पुढचा भाग शाबूत आहे आणि इंजिन चालू आहे, मी स्वतः ऐकलंय, बॉनेटवर हात ठेवल्याशिवाय चालू आहे हे कळत नाही इतकं गुळगुळीत. ४ लिटर व्ही८, २५० हॉर्सपॉवर. मालक म्हणतो अख्खी गाडी ने नाहीतर फक्त इंजिन-गिअरबॉक्स काढून देतो, त्याचे पैसे अर्धे.

प्रश्न असे की स्मॉगचं काय करायचं, मॅन्युअल गिअरबॉक्स लावता येईल का (माझी फार इच्छा आहे), आणि इथे कुणी स्वतः हे धंदे केलेत का? बायकोचं म्हणणं आहे की ढोलांसाठी सरळ एक मिनीव्हॅन घे. तो पर्याय कृपया सुचवू नये.

खटपट्या (फ्रीमॉंट)

मिनीव्हॅन घे. 😀

बरं आता गंमत पुरे, स्मॉगचं सांगतो, माझ्या एका गाडीचं इंजिन बदलून ते मी रीतसर पास करून घेतलंय. पहिली गोष्ट, कॅलिफोर्नियात इंजिन बदलणं कायदेशीर आहे, लोक उगाच घाबरवतात. नियम साधा आहे, येणारं इंजिन गाडीच्याच वर्षाचं किंवा त्याहून नवीन पाहिजे, म्हणजे तुझ्या ८९च्या वॅगनला ९२चं चालतं. कारला कारचंच इंजिन, हेवी ड्युटी ट्रकचं नको. आणि तुझी गाडी कॅलिफोर्निया सर्टिफाइड असेल तर इंजिन पण कॅलिफोर्निया सर्टिफाइडच लागतं, बाकीच्या राज्यांसाठीचं फेडरल चालत नाही. ते लेक्ससच्या बॉनेटखालच्या एमिशन स्टिकरवर लिहिलेलं असतं, पैसे द्यायच्या आधी तो स्टिकर वाच आणि फोटो काढ.

खरी मेख अशी आहे की इंजिनाबरोबर त्याचा सगळा एमिशनचा संसार पण यायला पाहिजे. दोन्ही बाजूंचे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, ऑक्सिजन सेन्सर, ईजीआर (धुराचा काही भाग परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह), चारकोल कॅनिस्टर, व्हॅक्यूमच्या नळ्या, एअर बॉक्स, ओरिजिनल ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर), आणि चेक इंजिनचा दिवा डॅशबोर्डवर चालू स्थितीत. कॅट इंजिनापासून मूळ गाडीत जेवढ्या अंतरावर होते साधारण तेवढ्यावरच बसवायचे, सोयीनं मागे ढकलायचे नाहीत. हे सगळं झालं की साध्या स्मॉग स्टेशनला न जाता आधी स्टेटच्या रेफरीकडे (असल्या बदललेल्या गाड्या तपासणारा अधिकृत माणूस) जायचं, अपॉइंटमेंट घेऊन, बरेच रेफरी कम्युनिटी कॉलेजांमध्ये बसतात. तो एकेक नळी बघतो. पास झालं की दाराच्या खांबावर स्टिकर लावून देतो, मग पुढच्या वेळेपासून कुठल्याही स्टेशनला ते स्टिकर बघून टेस्ट करतात. तुझी गाडी १९७५नंतरची असल्यामुळे माफी नाही आणि २०००च्या आधीची असल्यामुळे बे एरियात रोलरवर चढवून टेलपाइपला नळी लावूनच टेस्ट होणार.

म्हणून अख्खी गाडी घे. फक्त इंजिन घेतलंस तर राहिलेल्या सतरा वस्तू एकेक करून यार्डातून गोळा करत बसशील आणि शेवटी त्याच महाग पडतील.

ग्रीसकाका (सॅक्रामेंटो)

खटपट्याला +१, अख्खी गाडीच घे. आणि ९२चं इंजिन घेतोयस ते पण बरं, कारण एलएस४००ला ९५पासून ओबीडी-टू (गाडीनं स्वतःचं एमिशन तपासायची यंत्रणा) आलं, आणि ९८पासून व्हीव्हीटीआयवालं (व्हॉल्व्हची वेळ बदलणारं) इंजिन आलं २९० हॉर्सपॉवरचं, लोक त्याच्या मागे धावतात पण त्यात इमोबिलायझर, इलेक्ट्रॉनिक थ्रॉटल, टाकीचं प्रेशर सेन्सर, ही सगळी लफडी व्होल्वोत आणावी लागतात. शिवाय जुन्या इंजिनात टायमिंग बेल्ट तुटला तरी व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटत नाहीत, व्हीव्हीटीआयमध्ये आपटतात. तुझ्यासाठी जुनंच शहाणं.

आता इंजिन आत बसतं का, तर बसतं. व्होल्वोनं याच बॉडीत २६० म्हणून व्ही६ विकली होती त्यामुळे इंजिन बेला (बॉनेटखालच्या जागेला) व्ही आकाराचं वावडं नाही. वजनाची पण भीती बाळगू नकोस, लेक्ससचा ब्लॉक ॲल्युमिनियमचा आहे आणि तुझा सध्याचा चार सिलिंडरचा ब्लॉक बिडाचा, त्यामुळे पुढचं टोक लोक समजतात तसं काही जमिनीला टेकत नाही. अडचण रुंदीची आहे. चार कॅमशाफ्टचं इंजिन म्हणजे दोन्ही डोकी फुगलेली, आणि आपल्या इथे स्टिअरिंग डावीकडे, म्हणजे डावीकडच्या हेडच्या मागे ब्रेक बूस्टर आणि खाली एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या अगदी अंगाला स्टिअरिंगचा शाफ्ट. इंजिन क्रेनला लटकवून आत सोडलंस की बाकी काही बघायच्या आधी तिथे बॅटरी मार आणि माउंट वेल्ड करण्यापूर्वी शाफ्ट लॉक टू लॉक (एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत) फिरवून बघ. शाफ्ट आणि मॅनिफोल्डमध्ये किमान बोट फिरलं पाहिजे, कारण इंजिन रबरावर बसलेलं असतं, ॲक्सिलरेटर दाबला की ते कलतं, आणि तेव्हा शाफ्टला टेकलं तर वळणावर काय होईल ते सांगायला नको. तिथे हीट शील्ड पण लागेल नाहीतर शाफ्टच्या जॉइंटचं रबर भाजून निघतं. दुसरं म्हणजे ऑइल पॅन आणि क्रॉसमेंबर (इंजिनाखालचा आडवा दांडा), ते एकमेकांना आडवे येऊ शकतात. पॅन कापून वेल्ड करायची वेळ आली तर ते काम चांगल्या ॲल्युमिनियम वेल्डरकडे दे, घरच्या मशीनवर नको.

इंजिन बाहेर आहे तोवर टायमिंग बेल्ट, वॉटर पंप (तो बेल्टवरच फिरतो), मागचं मेन सील आणि स्टार्टर ही चार कामं करूनच टाक. लेक्ससच्या इंजिनियरांनी स्टार्टर इंटेक मॅनिफोल्डच्या खाली, दोन हेडच्या मधल्या घळीत ठेवलाय, कोणत्या मुहूर्तावर हे सुचलं कोण जाणे. नंतर बदलायचा म्हटलं की अख्खा वरचा मजला उतरवावा लागतो. पॉवर स्टिअरिंग पंप गळत असेल तर तो पण बघ, त्याचं तेल बरोबर खाली अल्टरनेटरवर टपकतं आणि त्याला घेऊन जातं, या गाड्यांचा जुना रोग आहे.

मॅन्युअलचा नाद सोड. इंजिन आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्स दोन्ही एकाच ईसीयूवर चालतात, गिअरबॉक्सचे सिग्नल गेले की तो रुसतो आणि चेक इंजिन लावतो, आणि रेफरीसमोर तो दिवा नकोय. तसंही एलएस४००चा गिअरबॉक्स आयसिन या जपानी कंपनीचा, तुझ्या व्होल्वोतला पण आयसिनचाच, आणि पुढे ९६० मॉडेलमध्ये व्होल्वोनं याच टोयोटाच्या घराण्यातला वापरला. म्हणजे घरातलंच स्थळ आहे, नाकं मुरडू नकोस.

वैदर्भी_टर्बो (सिॲटल)

मी जरा खोडा घालतो. एवढा घाट कशासाठी? व्होल्वोचंच ७४० टर्बोचं इंजिन घे, बी२३०एफटी, १६०च्या आसपास हॉर्सपॉवर, तुझ्याच इंजिनाचा सख्खा भाऊ, त्याच माउंटवर बसतं. स्टिअरिंग शाफ्ट, ऑइल पॅन, रेडिएटर यातलं काहीच भांडण नाही. एमिशनची सामग्री तुला तिथेही बरोबर आणावीच लागेल आणि रेफरी पण आलाच, पण काम चार वीकेंडचं राहतं, चार सीझनचं होत नाही. मी अर्धवट सोडलेली व्ही८ वॅगन प्रोजेक्ट्स इतकी बघितलीत ना जाहिरातींमध्ये, "नव्वद टक्के पूर्ण, फक्त वायरिंग बाकी". फक्त वायरिंग बाकी म्हणजे सगळंच बाकी हो.

व्ही८ व्होल्वो ही आयडिया जुनी आहे तसं म्हटलं तर. पॉल न्यूमन, तो ॲक्टर आणि रेसर, त्यानं आपल्या व्होल्वो वॅगनमध्ये फोर्डचं सुपरचार्ज्ड व्ही८ घालून घेतलं होतं. पण त्याच्याकडे रेसिंगचे मेकॅनिक होते, तुझ्याकडे बहुतेक अपार्टमेंटचं कारपोर्ट आहे.

आणि मागचा ॲक्सल? डाना ३० आहे तो, एवढी ताकद झेपेल का त्याला?

खटपट्या (फ्रीमॉंट)

ॲक्सलला लगेच काही होत नाही. ऑटोमॅटिक आहे, टॉर्क कन्व्हर्टर धक्का गिळतो, सिग्नलला टायर जाळले नाहीस तर टिकतो. ढोल वाहायचेत ना, ड्रॅग रेस नाही. मात्र सस्पेन्शनचे बुश आणि ब्रेक पूर्ण नवे कर. चारही चाकांना डिस्क आहेत हे नशीब, पण ३०-३५ वर्षांची रबरी ब्रेक होज आणि दुप्पट ताकदीचं इंजिन यांची जोडी जमायची नाही. इन्शुरन्सला इंजिन बदलल्याचं आधी कळवून ठेव, क्लेमच्या वेळी त्यांना कळलं तर तुझीच पंचाईत.

कोल्हापुरी_पाना (कोल्हापूर)

वाचून जीव जळला राव. रेफरी, अपॉइंटमेंट, स्टिकर! आमच्याकडे एकेकाळी जीप म्हणू नका, ॲम्बेसिडर म्हणू नका, पेट्रोल इंजिन उतरवून मॅटाडोरचं डिझेल इंजिन चढवणं हे गॅरेजचं रोजचं काम होतं, प्लेट कापायची, माउंट ठोकायचे, संध्याकाळी गाडी गुऱ्हाळावर. खुद्द हिंदुस्तान मोटर्सनंच कॉन्टेसात आणि नंतर ॲम्बेसिडरमध्ये इसुझुचं १.८ पेट्रोल बसवलं होतं की. ते इसुझुवालं ॲम्बेसिडर चालवलंय का कुणी? काय पळायचं ते!

आता मात्र मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आडवं येतं. गाडीच्या आरसीत जे आहे, कंपनीनं जे स्पेसिफिकेशन दिलंय, त्याच्या बाहेर बदल नाही, २०१९ला सुप्रीम कोर्टानंही हेच ठणकावून सांगितलं. इंधन बदलाचं, म्हणजे सीएनजी वगैरेचं, मंजुरी घेऊन होतं. पण भंगारातल्या लक्झरी गाडीचं मोठं इंजिन जुन्या वॅगनमध्ये घालून आरटीओसमोर उभं राहायचं म्हणजे विषयच सोडा. आणि ५० वर्षांवरच्या गाडीला व्हिंटेज म्हणून व्हीए सिरीजचा नंबर घ्यायला गेलं तर तिथे उलटी अट, गाडी मूळ रूपात पाहिजे. आमच्या एका पाव्हण्याकडे ॲम्बेसिडरची इस्टेट आहे, वॅगनच ती, शेडमध्ये उभी आहे, त्याच्या डोक्यात पण असलंच खूळ आहे. त्याला हा धागा दाखवणार नाही.

डबा_२४० (सॅन होजे)

सगळ्यांचे खूप आभार. काल परत जाऊन स्टिकर बघितला, कॅलिफोर्नियाचाच आहे, फोटो काढला. अख्खी गाडी घ्यायचं ठरतंय. कारपोर्ट नाही हो टर्बोभाऊ, मित्राचं गॅरेज आहे ट्रेसीला आणि त्याच्याकडे इंजिन क्रेन आहे. टर्बोचा सल्ला पटला नाही असं नाही, पण ते इंजिन ऐकल्यापासून दुसरं काही डोक्यात शिरत नाहीये. मॅन्युअलवर पाणी सोडलं.

दोन शंका. स्पीडोमीटर चालेल का, कारण गिअरबॉक्स लेक्ससचा आणि मीटर व्होल्वोचा? आणि पेट्रोल पंप बदलावा लागेल का?

ग्रीसकाका (सॅक्रामेंटो)

स्पीडोमीटरची काळजी नको, ८६पासून २४०चा मीटर इलेक्ट्रॉनिक आहे आणि त्याचा सेन्सर मागे डिफरन्शियलच्या कव्हरवर असतो, पुढे कुठलाही गिअरबॉक्स लाव, त्याला पत्ताही लागत नाही. तुझा ओडोमीटर बंद असेल तर मात्र तो वेगळा आजार, आत प्लॅस्टिकचं छोटं गिअर तुटतं, बहुतेक सगळ्या २४०चं तुटलेलंच असतं.

पंप दोन आहेत तुझ्याकडे, एक टाकीत आणि एक गाडीखाली. प्रेशर दोघांचं, म्हणजे व्होल्वोचं आणि लेक्ससचं, जवळपास सारखंच, ३ बारच्या आसपास. खालचा पंप नवा टाक, टाकीतला छोटा चालतोय ना ते बघ, बास. रिले मात्र लेक्ससच्या ईसीयूकडून चालव, इंजिन बंद पडलं की पंप बंद झाला पाहिजे, अपघातात त्याचं महत्त्व कळतं.

वायरिंगचं एक सांगायचं राहिलं. लेक्ससचं हार्नेस कापू नकोस, सगळं अख्खं काढ, प्रत्येक प्लगला मास्किंग टेप लावून मार्करनं नाव लिही, दोन डिस्ट्रिब्युटर, दोन कॉइल, दोन इग्नायटर आहेत, डावं-उजवं लिहायला विसरू नकोस. आणि ईसीयू उघडून बघ एकदा. या वर्षांच्या ईसीयूमधले कपॅसिटर गळतात, बोर्डवर खालच्या बाजूला तपकिरी डाग आणि माशासारखा वास आला की समज. गळायला नुकते लागले असतील तर चार-सहा डॉलरचे कपॅसिटर आणि सोल्डरिंग आयर्न, पण ट्रॅक खाल्ले असतील तर दुसरा ईसीयू शोध. सौदा करायच्या आधीच झाकण उघडायला मिळालं तर भाव करताना उपयोग होईल.

वैदर्भी_टर्बो (सिॲटल)

ठीक आहे, ऐकणार नाहीस तू. मग निदान रेडिएटर मोठा घे आणि इलेक्ट्रिक फॅन लाव, लेक्ससच्या बेल्टवरच्या फॅनला तुझ्याकडे पुढे लांबी उरणार नाही. ट्रेसीची जुलैतली दुपार आणि ढोलांची मिरवणूक, पहिल्या गिअरमध्ये रांगत, एसी चालू, ही टेस्ट घाटापेक्षा अवघड आहे. फोटो टाकत जा, वायरिंगचे पण.