ऱ्हाईन नदीवर बोटीतलं जेवण : तुमचे अनुभव सांगा

गेल्या महिन्यात जर्मनीत रुडेसहाईम ते सांक्ट गोआर अशी दुपारच्या जेवणाची बोट केली आणि तेव्हापासून घरात एकच वाद चालू आहे, पैसे वसूल झाले की नाही. नवरा म्हणतो झाले. मी म्हणते, किल्ले बघायचे की ताटात बघायचं? सुरुवातीचे दोन-तीन किल्ले आम्ही मेनू वाचण्यात घालवले, आणि मेन कोर्स आला नेमका कौबला, जिथे नदीच्या मधोमध तो पांढरा किल्ला उभा आहे (फाल्झग्राफेनश्टाइन, म्हणून बघा एकदा). येणाऱ्याजाणाऱ्या जहाजांकडून जकात उकळायला 1327 मध्ये तिथे बुरूज बांधला म्हणे. माझ्याकडे त्याचा एकच फोटो, तोही काचेतून, आणि काचेत माझाच काटा दिसतोय. तुमचं कसं झालं, लिहा.

*

आम्ही टेबल बुकच केलं नाही, साधं तिकीट काढून थेट वरच्या डेकवर. तिथेही खायला मिळतं, फक्त ऊन आणि वारा सोसायची तयारी हवी, माझा पेपर नॅपकिन उडाला तो थेट नदीत. प्रवाहाबरोबर उत्तरेला जात असाल तर लोरलाय (गाण्याने नावाड्यांना भुलवणाऱ्या मुलीची दंतकथा आहे तो खडक) उजव्या हाताला येते, त्यामुळे तिकडची खुर्ची आधीच धरा, नंतर अख्खी बोट तिकडे सरकते. खरं सांगायचं तर 132 मीटरचा एक खडक आहे, बास, मी तर "हाच का?" असं मोठ्याने विचारलं. पण स्पीकरवर लोरलायवरचं जुनं जर्मन गाणं लागलं आणि शेजारच्या टेबलावरच्या पाच-सहा जर्मन आज्यांनी काटेचमचे खाली ठेवले आणि सगळ्या गायला लागल्या, हळू आवाजात, एकीला तर शब्द आठवत नव्हते ती नुसती ओठ हलवत होती. खडक विसरले, त्या आज्या नाही विसरले.

*

सासूसासऱ्यांना घेऊन गेलो होतो. पाणी मागताना "श्टिल" म्हणा, नाहीतर बुडबुड्यांचं येतं, सासूबाईंनी पहिला घोट घेतला आणि बाटली खराब आहे म्हणून परत द्यायला निघाल्या. शाकाहारी म्हणजे चीज आणि बटाटा एवढंच होतं, चव चांगली होती, आणि तसंही तिथे जेवणासाठी कोण जातं. सासऱ्यांना किल्ल्यांत रसच नाही, ते काठावरच्या मोठ्या आकड्यांच्या पाट्या वाचत बसले. कोन्स्टान्झच्या पुलापासून मोजलेले किलोमीटर असतात ते, लोरलाय 554 ला. "आता 546, म्हणजे कौब," असं ते वेटरलाच सांगत होते.

*

माझा अनुभव वाईट आहे, आधीच सांगतो. 2018 च्या ऑक्टोबरात गेलो, त्या वर्षी उन्हाळाभर पाऊस नव्हता आणि कौबच्या मोजपट्टीवर पाणी 25 सेंटीमीटरवर आलं होतं. याचा अर्थ नदी वीतभर उरली असा नाही हां, जहाजांच्या मार्गात त्याहून बरंच जास्त असतं, पण मालवाहू जहाजं अर्धी रिकामी चालली होती. आमची बोट ठरलेल्या धक्क्याला लागलीच नाही, भलतीकडे उतरवलं आणि पुढे ट्रेनने जा म्हणाले. जेवण? सूप झालं होतं फक्त. बाकीचे पैसे परत मिळायला दोन महिने आणि चार ईमेल लागले. कोरड्या वर्षी निघायच्या आदल्या दिवशी फोन करून विचारा, एवढंच.

*

एप्रिलात जाऊ नका. जॅकेट घालून जेवलो.

*

मी माइन्झला राहते त्यामुळे येईल त्या पाहुण्याला ही बोट दाखवणं माझ्याकडेच येतं, आतापर्यंत सात-आठ वेळा झालं असेल. धागाकर्तीला सांगते, उलट्या दिशेने जा, सांक्ट गोआरहून वर. प्रवाहाविरुद्ध बोट रेंगाळते, तेवढ्या वेळात जेवणही निवांत होतं आणि किल्लेही. आणि आल्याआल्या ऑर्डर देऊन टाकायची, मेनू घरूनच बघून जायचा. दोन्ही काठांवर रेल्वे आहे, मालगाडी गेली की बोलणं थांबवावं लागतं, पण माइन्झ ते कोब्लेन्झ मध्ये नदीवर एकही पूल नाही, सगळं फेरीने, त्यामुळे समोर पाणी, उतारावरचे द्राक्षमळे आणि वळणं असं मोकळं दिसत राहतं.

मागच्या खेपेला काकांना नेलं. पोटभर जेवले आणि बाखाराखच्या आधीच खुर्चीत झोपले, हातात कॅमेरा तसाच. बिंगेनजवळ उंदरांचा मनोरा (बेटावरचा जुना बुरूज) आला, म्हणजे किल्ले संपतच आले, तेव्हा उठवलं तर म्हणाले, "किल्ले सुरू झाले का?"