तोंडाचा कॅन्सर फॅटवर पसरतो म्हणतात, मग बाबांचं तूप-तेल बंद करायचं का?

कृष्णाकाठ
नमस्कार मंडळी. बाबांना डाव्या गालात आतून कॅन्सर निघाला, तंबाखू-चुना तीस वर्षं. ऑपरेशन झालं, मानेतल्या गाठी पण काढल्या, आता रेडिएशनचे ३० पैकी ११ झालेत. तोंड आतून सगळं सोलवटलंय, साधं वरण पण झोंबतं, वजन ६१ वरून ५४ वर आलंय. आत्तापर्यंत जो तो सांगायचा साखर बंद करा, कॅन्सर साखरेवर वाढतो. आता आत्येभावाने पाठवलंय की तोंडाचा कॅन्सर फॅटवर पसरतो असं संशोधनात सापडलंय, म्हणून तूप लोणी पण बंद. आई कालपासून खिमटीत तूप घालायला घाबरतीये. साखर नाही तूप नाही मग त्यांनी खायचं काय? खरंच पेशी फॅट खातात का, आणि खात असतील तर त्यावरच औषध का काढत नाहीत?

पेशीघर
दादा, मी डॉक्टर नाही, बायोकेमिस्ट्रीत पीएचडी केलीये, त्यामुळे पेशीपुरतं बोलतो. भावाने पाठवलंय ते हवेतलं नाहीये. बार्सिलोनाच्या साल्वादोर अझ्नार बेनिताह यांच्या टीमचं काम आहे, २०१६ च्या शेवटी नेचरमध्ये आलं. माणसाच्या तोंडाच्या कॅन्सरच्या पेशी उंदरात वाढवल्या तर त्यातल्या अगदी थोड्या पेशी लसिका गाठींपर्यंत (बाबांच्या मानेतल्या काढल्या तशा) पसरत होत्या आणि त्यांच्या अंगावर सीडी३६ नावाचं प्रोटीन भरपूर होतं, बाहेरचं फॅटी ॲसिड आत ओढून घेणारं. उंदरांना जास्त फॅटचं खाणं दिलं तर पसरणं वाढलं, सीडी३६ अँटीबॉडीने अडवलं तर कमी झालं. २०२१ मध्ये त्यांनीच दाखवलं की हे पाल्मिटिक ॲसिडने होतं, ऑलिक किंवा लिनोलिकने नाही. पण हे सगळं उंदरात, आणि ऑपरेशन होऊन रेडिएशन चालू असलेल्या माणसाने तूप सोडावं असं त्यातून निघत नाही.

कारण मुळात कॅन्सरची पेशी फॅट स्वतःच बनवते. दुभंगायचं म्हणजे नवीन पेशीला नवं आवरण लागतं आणि ते फॅटचंच असतं. आपल्या बऱ्याचशा साध्या पेशी ते रक्तातून घेतात, कॅन्सरची पेशी साखरेतून तयार करते, साखरेचं सायट्रेट, त्याचं असिटिल-कोए (हे नुसते मधले टप्पे), आणि फॅटी ॲसिड सिंथेस नावाचं एन्झाइम दोन-दोन कार्बन जोडत १६ कार्बनचं पाल्मिटिक ॲसिड उभं करतं. ट्यूमर स्वतः फॅट बनवतो हे १९५३ पासून माहितीये, आणि १९९४ मध्ये जॉन्स हॉपकिन्सच्या फ्रान्सिस कुहाज्दा यांच्या टीमला ब्रेस्ट कॅन्सरच्या वाईट केसेसमध्ये जे प्रोटीन जास्त दिसत होतं ते हेच एन्झाइम निघालं. म्हणजे ताटातलं तूप काढलं तरी आतली भट्टी चालूच राहते.

ओंजळभर
माझ्या आईला ओव्हरीचा होता, तेव्हा सर्जननी पोटातली चरबीची झालर पण काढली होती, ओमेंटम म्हणतात. मी विचारलं कशाला, तर म्हणाले ओव्हरीचा कॅन्सर पहिला तिकडेच जातो. नंतर वाचलं की शिकागोच्या एका टीमने २०११ मध्ये दाखवलंय, तिथल्या चरबीच्या पेशी कॅन्सरला सरळ फॅट पुरवतात आणि तो ते जाळून वाढतो. पेशीघर, मग औषधाचं काय, तो प्रश्न राहिलाच की.

पेशीघर
हो, तेच लिहीत होतो. औषधं आहेत पण अडचण अशी की फॅट बनवणं बंद केलं तर पेशी रक्तातून ओढते, ओढायचं दार बंद केलं तर स्वतः बनवते, दोन्हीकडून एकदम धरावं लागतं. तेच सिंथेस एन्झाइम अडवणारं सी७५ नावाचं औषध दिलं तर उंदीर खाणंच सोडायचे आणि रोडावायचे. फॅट मायटोकॉन्ड्रियात, म्हणजे पेशीतल्या ऊर्जेच्या भट्टीत, नेणारं सीपीटी१ नावाचं प्रोटीन अडवणारं इटोमोक्सिर हे औषध हार्टच्या पेशंटवर ट्राय झालं होतं, लिव्हरला त्रास दिसला म्हणून थांबवलं. एका पाल्मिटिक ॲसिडमधून १०६ एटीपी (पेशीच्या ऊर्जेची नाणी म्हणा) मिळतात, ग्लुकोजमधून ३०-३२, त्यामुळे हृदय पण बरंचसं फॅटवरच चालतं, कॅन्सरशी लढणाऱ्या काही टी-सेल्स पण, सरसकट बंद करून चालत नाही. सध्या डेनिफॅनस्टॅट पुढे आहे, तेच सिंथेस एन्झाइम अडवतं, कॅन्सरच्या पेशंटवर किमोबरोबर ट्रायल झाल्यात, त्वचेचे आणि डोळ्यांचे त्रास दिसले. आणि कुणी सांगेल वजनाची ऑर्लिस्टॅट गोळी पण तेच एन्झाइम अडवते म्हणून, ती आतड्यातून रक्तात जवळजवळ जातच नाही, बाबांना तर चुकूनही देऊ नका, आहे ते फॅट पण बाहेर टाकेल.

डबा_ताई
कृष्णाकाठ, मी डाएटिशियन आहे, कॅन्सर वॉर्डातच काम करते. ७ किलो म्हणजे खूप झालं हो. वजन उतरलं की रेडिएशनच्या वेळी डोकं हलू नये म्हणून चेहऱ्यावर बसवतात तो मास्क सैल होतो, मग कधी कधी प्लॅनिंग परत करावं लागतं आणि मध्ये खंड पडतो, तो खंड वाईट. घास जेमतेम दोन-चार जातात तेव्हा ग्रॅमला ९ कॅलरी देणारं फॅटच कामाला येतं. खिमटीत तूप घाला, नाचणीच्या सत्त्वात दूध घाला, अंडं मऊ करून द्या, गार किंवा कोमट, आंबट-तिखट नको. शेंगदाणा तेलात ऑलिक-लिनोलिकच जास्त. पाल्मिटिकची भीती वाटत असेल तर पाम तेलातला फरसाण आणि बिस्किटं सोडा, ती तशीही त्यांना गिळवत नसतील. पाणी पण गिळवेना झालं तर नाकातून नळी घालायचं डॉक्टरांशी आधीच बोलून ठेवा, त्याला घाबरू नका.

कृष्णाकाठ
ताई, पेशीघर, दोघांचं आईला वाचून दाखवलं. दुपारी तिने दोन चमचे तूप घातलं, बाबांनी अर्धी वाटी खाल्ली, चार दिवसांत एवढी पहिल्यांदाच. मास्क थोडा हलतोय असं ते परवा म्हणाले होते, आम्ही लक्षच दिलं नाही. उद्या १२ वा आहे, आधी तेच विचारतो.