मदत हवी आहे: ट्युनिशियन नवरीचा फूता कमरेवर टिकवायचा कसा?

माझ्या भाचीचं लग्न ट्युनिस शहरात आहे, मुलगा तिथलाच. मेंदीच्या रात्री तिला तिथला पारंपरिक फूता-ब्लूझा घालायचाय. फूता कमरेला गुंडाळायचा, ब्लूझा म्हणजे वरची भरजरी चोळी. दोन्ही मीच शिवतेय. तिकडे असे कपडे भाड्याने मिळतात, पुष्कळ नवऱ्या तेच करतात. पण हा जोड तिच्याकडे कायम राहावा अशी आमची इच्छा आहे.

भरतकामाचं अडलेलं नाही. तिकडची 'कोंतील' ही पिळाची तार आपल्या जरदोसीतल्या दबक्याच्या फार जवळची. टिकल्यांना ते 'अदस' म्हणतात, म्हणजे मसूर. किती चपखल नाव! पुण्यातल्या कारागिराने नमुना सुरेख करून दिला.

अडलंय ते फूत्यापाशी. रेशमावर भरल्यावर तो इतका जड झाला की नुसता गुंडाळला तर तासाभरात घसरतो. नाडी घातली तर कमरेवर फुगवटा येतो, हुक लावले तर रेशीम ओढलं जातं. सासरकडून फोटो भरपूर आलेत, पण कमरेची आतली बाजू एकातही दिसत नाही. त्यांच्याकडे शिवणारं कुणी नाही. मेंदी वाळेपर्यंत भाचीला बसून राहायचंय, तेव्हा कंबर फार आवळूनही चालणार नाही.

कुणी असा फूता हाताळला असेल तर सांगा: लग्नातला फूता खरोखर गुंडाळतात, की परकरासारखा शिवून वरून फक्त गुंडाळल्याचा भास ठेवतात? आणि वजन पेलायला कमरेत आतून काय लावतात?