मदत हवी आहे : नाटकाच्या साउंड-लाईटच्या कामात पोट भरतं का?

नमस्कार मंडळी. माझा भाचा सांगलीत बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे. राज्य नाट्य स्पर्धेत कॉलेजच्या ग्रुपसाठी तो पार्श्वसंगीत आणि लाईट ऑपरेट करतो. कान फार चांगला आहे त्याचा. संवाद कुठे दबतोय ते बरोबर ओळखतो. आता त्याला हेच काम पूर्णवेळ करायचंय. ताई-भाऊजी मात्र काळजीत आहेत.

व्यावसायिक नाटकात प्रयोगामागे ‘नाईट’, म्हणजे त्या प्रयोगाचं मानधन, मिळते, एवढं माहीत आहे. सध्या नवीन ऑपरेटरला आणि मदतनीसाला साधारण किती मिळते? दौऱ्यावर जेवण-भत्ता वेगळा असतो का? पावसाळ्यात, परीक्षांच्या दिवसांत प्रयोग कमी झाले की घर कसं चालवता? २०२०च्या मार्चमध्ये नाट्यगृहं बंद पडली तेव्हा पडद्यामागच्या लोकांची झालेली परवड आम्ही विसरलेलो नाही, म्हणून हा प्रश्न जास्त टोचतो.

दुसरा रस्ता लग्न, कॉर्पोरेट कार्यक्रम, गणेशोत्सवाचा. तिथे पैसे बरे असावेत, पण नाटकाची समज तिथे वाढेल असं मला वाटत नाही.

शिक्षणाचंही सांगा. एफटीआयआयचा (पुण्याची फिल्म इन्स्टिट्यूट) ध्वनीचा कोर्स मुख्यतः सिनेमाकडे झुकलेला. एनएसडीत (दिल्लीचं राष्ट्रीय नाट्य विद्यालय) डिझाईन शिकवतात, पण जागा मोजक्या. पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र (तिथे नाटक शिकवतात) बरं, की थेट एखाद्या अनुभवी प्रकाशयोजनाकाराच्या हाताखाली राहावं?

प्रत्यक्ष या कामात असलेल्यांनी खरे आकडे सांगितले तर फार उपकार होतील. इथे लिहायला अवघड वाटलं तर मेसेज करा.